टॉवर फुल, तरी गोठ्यातला कॅमेरा अडकते (मेश वायफाय)

संत्राबाग_वरुड
नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यातलं गाव आहे. रस्त्याकडून नवं स्लॅबचं घर, त्यामागं आंगण, आंगणापलीकडं जुनं घर: दीड हात जाड मातीच्या भिंती अन् वर कवेलू. त्याच्याही मागं चारही बाजूंनी टिन मारलेला गोठा. पुढच्या खोलीपासून गोठ्यापर्यंत टेपनं ३८ मीटर भरते.

फायबरचं कनेक्शन ५० एमबीपीएसचं. कंपनीचा डबा पुढच्या खोलीत, त्याला वायरनं जोडलेला मेशचा (एकच वायफाय आपसात पुढं नेणाऱ्या डब्यांच्या सेटचा) पहिला डबा. दुसरा जुन्या घराच्या माजघरात, तिसरा गोठ्यात बल्लीला टांगला आहे. मेश दोन बँडचं (२.४ अन् ५ गिगाहर्ट्झ), तीन डब्यांचा सेट.

कॅमेरे चार. फाटकाचा अन् गोठ्याचा नवा. आंगणाचा अन् मागच्या गल्लीचा जुना, आधी ते कंपनीच्या डब्याच्या वायफायवर चालत होते. आता अडचणी सांगतो.

जुने दोन्ही कॅमेरे मेशवर येतच नाहीत. ॲप म्हणते 'पासवर्ड चुकीचा'. पासवर्ड दहादा तपासला, बरोबर आहे. दोन्ही बारा फुटांवर आहेत, दरवेळी शिडी लावावी लागते.

गोठ्यातला जोडला गेला. टॉवर फुल, ॲपमध्ये −४१ लिहून येते. तरी चित्र दर दहा-पंधरा सेकंदांनी थांबते, अन् संध्याकाळी घरात टीव्ही सुरू झाला की नुसतं गोल फिरत राहते.

तिसरं म्हणजे लाईन जाऊन आली की फाटकाचा चांगला चालणारा कॅमेराही ऑफलाइन. प्लग काढून परत लावला की ठीक.

दुकानदार म्हणते चौथा डबा घ्या. घ्यावा का? आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली की भरलेले कॅरेट मागच्या गल्लीत राहतात, त्याआधी हे निस्तरायचं आहे.

तारजोड्या
भाऊ, चौथा डबा घेऊ नका. तक्रारी तीन आहेत आणि कारणंही तीन, पण डबे कमी पडले हे त्यांत कुठंच नाही. मी जुन्या कॅमेऱ्यांचं सांगतो.

'पासवर्ड चुकीचा' हे बऱ्याच ॲपचं ठरलेलं उत्तर असतं. कॅमेरा वायफायवर का आला नाही हे ॲपला कळलं नाही की ते पासवर्डवर ढकलतं. खरं कारण बहुतेक वेळा या दोहोंतलं एक असतं. पहिलं, हे कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात आणि मेश २.४ व ५ दोन्ही एकाच नावाखाली दाखवतं. दुसरं, आणि तुमच्याकडं मला याचाच जास्त संशय आहे: नव्या मेशची सुरक्षा (पासवर्ड तपासायची पद्धत) डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२/३ मिश्र असते. मिश्र म्हणजे जुन्यालाही चालायला हवं, पण काही जुन्या चिपना ते झेपत नाही आणि जोडणी अर्ध्यावर तुटते.

मेशच्या ॲपमध्ये 'आयओटी नेटवर्क' (कॅमेऱ्यासारख्या उपकरणांसाठी वेगळं वायफाय) नावाची सोय शोधा. नसेल तर गेस्ट नेटवर्क. ते चालू करून बँड फक्त २.४ ठेवा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ पर्सनल, एन्क्रिप्शन एईएस. आता शिडी वाचवायची युक्ती. या नव्या नेटवर्कला नाव आणि पासवर्ड तेच द्या, जे कंपनीच्या डब्याच्या वायफायला होते. लहान-मोठी अक्षरं, मधली मोकळी जागा, शेवटचा आकडा, सगळं हुबेहूब. कॅमेऱ्यांच्या मेमरीत ते नाव अजून आहे. नाव दिसलं की ते आपणहून येऊन बसतील.

फक्त त्याआधी कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करायला विसरू नका. नाहीतर एकाच नावाची दोन नेटवर्क होतील आणि कोणता कॅमेरा कुठं जाऊन बसला हे शोधत बसाल. तसंही ते बंदच असायला हवं, दोन्ही २.४ वर एकाच खोलीतून ओरडत असतात.

पाच-सात मिनिटांत आले नाहीत तर कॅमेऱ्यांची लाईन बोर्डावरून एकदा बंद-चालू करा. तरीही नाही आले तर २.४ चं चॅनल पाहा. आपल्याकडं १२ आणि १३ हे चॅनल चालतात, पण बाहेरच्या देशासाठी बनलेल्या काही कॅमेऱ्यांना ११ च्या पुढचं दिसतच नाही. १, ६ किंवा ११ यांपैकी एक लावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. शेवटचा उपाय म्हणजे २.४ बँडवरचा वायफाय-६ मोड बंद करणं. काही मेशमध्ये हे हातानं बदलता येत नाही, तिथं आयओटी नेटवर्कवरच भिस्त.

मराठीत नाव ठेवायचा मोह टाळा. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. काना-मात्राही वेगळे मोजले जातात. दहा चिन्हांत कोटा संपतो, आणि स्वस्त कॅमेऱ्यांना ते नाव वाचताही येत नाही.

ढेपवाला
राम राम भाऊ. गोठ्याचं माझ्याकडं.

तुमचा कॅमेरा अन् तिसरा डबा दोघंही एकाच टिनाच्या पेटीत बसून गप्पा मारून राहिले, म्हणून टॉवर फुल. −४१ हे कॅमेऱ्यापासून त्या डब्यापर्यंतचं माप आहे. डब्यापासून पुढं घरापर्यंत काय हाल आहेत ते कॅमेऱ्याचं ॲप सांगतच नाही. मेशच्या ॲपात जा, तिसऱ्या डब्यावर बोट ठेवा, तिथं त्याचा स्वतःचा सिग्नल दिसते. तो आकडा इथं टाका. माझा अंदाज −७५ च्या खालीच निघन.

आकडा असा वाचायचा: शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. −५० म्हणजे मस्त, −६० चांगला, −६७ पर्यंत व्हिडिओ चालते, −७० ओलांडलं की अडखळते, −८० ला नावापुरतं जोडलेलं राहते. डब्या-डब्यांमधला आकडा −६५ च्या आत पाहिजे, काऊन तं त्याच्यावर मागच्या सगळ्यांचा भार असते.

आता तुमच्याकडं काय होऊन राहिलं? पहिल्या डब्यापासून दुसऱ्यापर्यंत एक उडी, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत दुसरी. दोन बँडच्या मेशला डब्यांसोबत बोलायला वेगळा रस्ता नसते. ज्या बँडवर तुमचा मोबाइल अन् टीव्ही, त्याच बँडवर डब्यांची आपसातली ने-आण. एका उडीत वेग साधारण अर्धा, दुसऱ्या उडीत अर्ध्याचा अर्धा. वरतून मधात मातीची दीड हाताची भिंत अन् टिन. ५ गिगाहर्ट्झ मातीच्या भिंतीतच दम तोडते, अन् पावसाळ्यात भिंतीनं ओल धरली की अजून वाईट. टिनातून तं काहीच जात नाही, दारातून अन् फटीतून जे शिरते तेवढंच.

म्हणून फुकटचं काम आधी करा. तिसरा डबा गोठ्यातून काढा. जुन्या घराच्या मागच्या ओसरीत, गोठ्याकडं तोंड असलेल्या खिडकीत ठेवा. लोखंडी गजापासून वीतभर दूर, जमिनीपासून चार-पाच फूट वर. दुसरा डबा माजघरातून काढून आंगणाकडच्या दारापाशी आणा, म्हणजे पहिला त्याला आंगणातून सरळ दिसन. अन् कॅमेरा टिनाच्या आत नका ठेवू. गोठ्याच्या दारावरच्या पाखीखाली, टिनाच्या बाहेर लावा. आतलं पाहायचंच असंन तं दारातून आत तोंड करा.

डबा गोठ्यात टिकतही नाही. घरातल्या वापराच्या राउटरला साधारण ४० अंशांपर्यंतची हमी राहते. मे महिन्यात आपल्याकडं बाहेरच ४५ जाते, टिनाखाली किती होते ते बैलालाच विचारा.

संत्राबाग_वरुड
तारजोड्याभाऊ, कमाल झाली. आयओटी नेटवर्क जुन्या नावानं चालू केलं अन् चहा होईस्तोवर आंगणाचा आला. गल्लीचा आला नाही, बोर्डावरून बंद-चालू केला तं तोही आला.

ढेपवालेभाऊ, तिसऱ्या डब्याचा आकडा −७९ होता. आता ओसरीच्या खिडकीत −६१ येते. दुसरा डबा दारापाशी आणल्यावर −५४. कॅमेरा पाखीखाली लावला, त्याचा −६६. चित्र दिवसा सलग चालते. रात्री टीव्ही सुरू असताना अजून एखाद्या वेळी थांबते. गोठ्यापर्यंत वायरच टाकू का? केबलचं बंडल मिळते म्हणे स्वस्तात.

कॅट_सिक्स
दादा, आधी वायरीशिवायचं एक काम. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ एच.२६५ वर (चित्र एच.२६४ पेक्षा जास्त दाबून पाठवायची पद्धत) न्या आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो तो, बांधून द्या. २ मेगापिक्सेलला एच.२६४ मध्ये साधारण २ एमबीपीएस लागतात, एच.२६५ मध्ये १ मध्ये भागतं. सेकंदाला २५ फ्रेम कशाला, १५ पुरतात. गोठ्याचं चित्र आहे, क्रिकेटची मॅच नाही. चारही कॅमेरे असे केले की मेशवरचा भार निम्म्यावर येईल आणि टीव्हीशी भांडण मिटेल.

वायर टाकायचीच असेल तर ती गोठ्यापर्यंत न्यायची गरज नाही. पहिल्या डब्यापासून ओसरीतल्या डब्यापर्यंत न्या. दोन्ही वायरनं जोडले गेले की हवेतली ने-आण त्या डब्यापुरती संपते. डब्याच्या लॅन पोर्टात वायर खोचली की बहुतेक मेश ते स्वतःच ओळखतं, ॲपमध्ये जोडणीच्या जागी 'इथरनेट' दिसलं की झालं.

स्वस्तातलं बंडल मात्र घेऊ नका. ते बहुधा सीसीए असतं, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. चाकूनं तार खरवडून पाहा: आत पांढरी चमक आली की ॲल्युमिनियम, लाल राहिली तर तांबं. सीसीए दोन वाकवण्यांत तुटतं आणि त्यावरून वीज पाठवली तर गरम होतं. शुद्ध तांब्याची, बाहेर लावायची काळ्या आवरणाची कॅट-६ घ्या. करडी घरातली केबल आपल्या उन्हात टिकत नाही, आवरण तडकून पाणी शिरतं. लांबीची मर्यादा १०० मीटर, तुमचं अंतर त्याच्या बरंच आत आहे.

आणि आता धोका. तुमच्याकडं दोन वेगळी बांधकामं आहेत, मध्ये उघडं आंगण. मृगाच्या आधी जी वीज कडाडते, ती केबलवर पडावीच लागत नाही. जवळपास पडली तरी तांब्याच्या लांब तारेत झटका उतरतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट एकदम जातात. म्हणून दोन बांधकामांच्या मध्ये मी तांबं सुचवत नाही. फायबर टाका, काचेतून वीज वाहत नाही.

फायबर ऐकून बिचकू नका. लागतं ते इतकंच: मीडिया कन्व्हर्टरची (तारेतला सिग्नल उजेडात आणि उजेडातला तारेत बदलणाऱ्या डब्यांची) एक जोडी, गिगाबिट, सिंगल फायबर. जोडीत एक 'ए' आणि एक 'बी' असावा. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलटा. दोन्ही 'ए' आणलेत तर दिवे लागतील, पण लिंक होणार नाही. सोबत दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेली ५० मीटरची फायबर आणि दोन छोट्या कॅट-६ पॅचकॉर्ड. कनेक्टर निळे पाहिजेत. तुमच्या कंपनीच्या डब्याला हिरवा असतो, तो तिरका घासलेला असतो. निळ्यात हिरवा खोचला तर बसतो, पण दोन्हींची तोंडं खराब होतात.

केबल ऑपरेटरकडच्या चपट्या ड्रॉप वायरीत आधाराची एक जाड पोलादी तार असते. ती भिंतीबाहेरच हुकाला बांधून कापा, घरात आणू नका, नाहीतर वीज आत न्यायला तीच तार पुरते. वरून नेणार असाल तर उंची कुटाराची ट्रॉली खालून जाईल एवढी ठेवा. जमिनीतून नेणार असाल तर स्प्रिंकलरच्या जुन्या एचडीपीई पाइपातून, दीड-दोन फूट खोल, आणि पाइपाची दोन्ही तोंडं बंद. घुशींना फायबर फार आवडते. वळणावर फायबर मुठीएवढ्या गोलाईत फिरवा, काटकोनात मोडू नका.

ढेपवाला
ताईचं फायबरचं बरोबर आहे, पण आत्ता घाई करू नका म्हणतो. −६१ अन् −५४ हे आकडे चांगले आहेत. आधी बिटरेट कमी करून आठ दिवस पाहा. पावसाळ्यात भिंत ओली झाल्यावर आकडा −६८ च्या खाली गेला तं मंग फायबर.

फ्यूजकाडी
लाईनीचा प्रश्न तसाच राहिला, तो घेतो.

लाईन आल्यावर सगळे एकदम उठतात, पण उठायचा वेळ प्रत्येकाचा वेगळा. कॅमेरा अर्ध्या मिनिटात तयार. कंपनीचा डबा 'पॉन' दिवा लुकलुकणं थांबून स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं घेतो. मेशचा पहिला डबा त्याच्या मागं, बाकीचे त्याच्याही मागं. मेशची आपसातली ने-आण ५२ ते १४४ या चॅनलांवर असेल तर तिथं कुठलं रडार चालू नाही ना हे तपासायला किमान एक मिनिट अजून थांबतं. तोवर कॅमेऱ्यानं शोधून शोधून नाद सोडलेला असतो, किंवा जो डबा आधी उठला त्याला चिकटलेला असतो. तो डबा लांबचा असला तरी कॅमेरा सोडत नाही. म्हणून प्लग काढून लावला की ठीक होतं. तेव्हा सगळे डबे उठलेले असतात.

सगळ्यात चांगला इलाज म्हणजे वायफाय जाऊच न देणं. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. त्यावर ८,००० एमएएच लिहिलेलं असतं, पण ते ३.७ व्होल्टच्या हिशेबानं, म्हणजे जेमतेम ३० वॅट-तास. कंपनीचा डबा आणि मेशचा एक डबा मिळून १४ वॅट ओढतात असं धरलं तर मधली तूट वजा जाता पावणेदोन तास. तिन्ही मेश डब्यांना बॅकअप पाहिजे. मधला मेला की त्याच्या मागचे सगळे मेले. यूपीएस घेण्याआधी प्रत्येक ॲडॉप्टरवरचा व्होल्ट-अँपियर वाचा. १२ च्या जागी ९ व्होल्टचा डबा असेल तर साध्या यूपीएसनं तो जळतो. घरात इन्व्हर्टर असेल तर या डब्यांचे प्लग सरळ त्या लाईनीवर घ्या, मिनी यूपीएसची गरजच नाही.

खर्च करायचा नसेल तर कॅमेऱ्यांनाच उशिरा उठवा. फ्रिजच्या स्टॅबिलायझरमध्ये लाईन आल्यावर तीन-चार मिनिटं थांबायचा टायमर असतो, तसा ऑन-डिले टायमर कॅमेऱ्यांच्या लाईनीवर टाका. मोटरच्या स्टार्टरला ऑटोसोबत असतो तोच प्रकार. शिवाय मेशच्या ॲपमध्ये प्रत्येक कॅमेऱ्यासाठी एका डब्यावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय बंद करता येते का पाहा. टीपी-लिंकच्या डेकोत ती 'मेश टेक्नॉलॉजी' या बटणाखाली आहे. कॅमेरा जागचा हलत नाही, त्याला फिरायची सोय कशाला?

गोठ्याच्या कॅमेऱ्याची लाईन घरच्या मीटरवरून घ्या. बाजूला विहिरीच्या मोटरची लाईन आहे म्हणून तिच्यावर टाकू नका, शेतीच्या फीडरची लाईन पाळीनं येते. आणि अर्थिंग तपासा. स्पाइक गार्डमधला भाग झटका अर्थिंगकडं ढकलतो. तिसरी पिन नुसतीच लोंबकळत असेल तर निम्मं काम होतच नाही. न्यूट्रल सैल झाला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, आणि ॲडॉप्टर २४० पर्यंतचेच असतात.

संत्राबाग_वरुड
इन्व्हर्टर आहे, फक्त पंखे-लाईटला. तिन्ही डब्यांची वायर त्याच्यावर घेतो. अजून एक: चारही कॅमेरे आता आयओटी नेटवर्कवर आहेत. भाच्यानं जुना एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) दिला आहे, तो मुख्य मेश नेटवर्कला वायरनं जोडला. त्याला एकही कॅमेरा दिसत नाही, मोबाइलवर मात्र सगळे दिसतात.

तारजोड्या
आयओटी किंवा गेस्ट नेटवर्कवर 'आयसोलेशन' (त्यावरच्या उपकरणांना बाकीच्या घरापासून वेगळं ठेवणं) चालू असेल. मोबाइल कॅमेऱ्याला इंटरनेटवरून फिरून भेटतो, म्हणून त्याला अडत नाही. एनव्हीआर घरातल्या घरात शोधतो आणि भिंत आडवी येते. आयसोलेशन बंद करा. ते बंद होत नसेल तर कॅमेरे मुख्य नेटवर्कवर आणा, पण मग मुख्यची सुरक्षाही डब्ल्यूपीए२ करावी लागेल. कॅमेऱ्यांमध्ये ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि एनव्हीआर जुळवणारी सोय) चालू करा, त्याचा वेगळा पासवर्ड ठेवा, आणि मेशमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा आयपी पत्ता राखून ठेवा. पत्ता बदलला की एनव्हीआर पुन्हा आंधळा होतो. आरटीएसपीचा (व्हिडिओ पाठवायच्या पद्धतीचा) पोर्ट विचारला तर ५५४.

कॅट_सिक्स
एनव्हीआर सुरू झाला तरी कॅमेऱ्यांतली कार्डं काढू नका. चोर आधी एनव्हीआरच उचलतो. १ एमबीपीएसला दिवसाचे १०.८ जीबी होतात, १२८ जीबीत साधारण अकरा दिवस राहतात. कार्ड 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं घ्या, मोबाइलचं साधं कार्ड सततच्या लिहिण्यानं लवकर मरतं. आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातूनच करा.

संत्राबाग_वरुड
आयसोलेशनच होतं. बंद केलं, चारही दिसले. आता रात्रभर 'हालचाल आढळली' वाजत राहते. पाहिलं तं कोळ्याचं जाळं अन् पाखरं.

ढेपवाला
कॅमेऱ्याचा रात्रीचा लाल दिवा पाखरांना बोलावते, पाखरं कोळ्याला. कॅमेऱ्याची इन्फ्रारेड बंद करा अन् तीन-चार फूट बाजूला एक पिवळा एलईडी लावा, पिवळ्या उजेडाकडं पाखरं कमी येतात. हालचालीच्या सेटिंगमध्ये 'फक्त माणूस' निवडा. अन् आठवड्यातून एकदा लांब काठीला फडकं बांधून जाळं काढत जा.